मोठा भूकंप येणार का? उत्तर कुणाकडेच नाही, मग लोकांना सांगायचं काय

जमीन एकदा हलली ना, की पुढचे चार दिवस गावात एकच प्रश्न फिरत असतो, आता मोठा येणार का. आणि खरं सांगायचं तर याचं उत्तर जगातल्या कुठल्याही भूकंपतज्ज्ञाकडे नाही. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुक रिश्टरचा भूकंप होणार असं आधी सांगायची पद्धत आज कुणाकडेच नाहीये, अमेरिकेकडे नाही, जपानकडे नाही, आणि नासाचं तर ते कामच नाही. फोनवर मात्र उत्तर तयार असतं. आज रात्री १२ ते ३ च्या दरम्यान मोठा धक्का, नासाने इशारा दिलाय, सगळ्या ग्रुपवर लगेच पाठवा.

विज्ञान सोपं करून सांगितलं की अफवा थांबतात असं आपण सगळेच म्हणतो. ठीक आहे, लस कशी काम करते हे सोपं करून सांगता येतं, ग्रहण का लागतं हेही सांगता येतं. पण जिथे विज्ञानाचंच उत्तर "नक्की सांगता येत नाही" असं आहे तिथे काय सोपं करायचं? तिथे बोलणाऱ्याची खरी परीक्षा असते असं मला वाटतं, आणि त्या परीक्षेत नापास झालं तर काय होतं हे इटलीतल्या एका शहराने भोगलंय. ती गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहितीये, आणि ज्यांना माहितीये त्यातल्या बऱ्याच जणांना ती चुकीची माहितीये, म्हणून आधी तीच सांगतो.

रोमपासून साधारण शंभर किलोमीटरवर, डोंगरांच्या मध्ये लाक्विला नावाचं जुनं शहर आहे. १३४९, १४६१, १७०३ असे मोठे भूकंप त्या शहराने पाहिलेत. त्यामुळे तिथल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या एक सवय लागलेली होती, धक्का जाणवला की घरात थांबायचं नाही, पांघरुणं घ्यायची, पोरंबाळं घ्यायची आणि चौकात नाहीतर गाडीत रात्र काढायची. कुणी शिकवलेलं नाही, आजी-आजोबांचं बघून आलेलं. २००९ च्या सुरुवातीपासून तिथे छोटे छोटे धक्के सुरू झाले, आठवड्यामागून आठवडे, कधी भांडी वाजायची तर कधी नुसतंच जाणवायचं. लोक वैतागलेले आणि घाबरलेले. त्यातच जाम्पाओलो जुलियानी नावाचा तिथल्या एका मोठ्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ सांगायला लागला की जमिनीतून निघणारा रेडॉन वायू मोजून भूकंप आधी ओळखता येतो. मार्चच्या शेवटी त्याने इशारा दिला तो लाक्विलाचा नव्हे, जवळच्या सुल्मोना गावाचा. तिथे घबराट झाली, आणि त्या दिवशी काहीच झालं नाही. घबराट पसरवल्याबद्दल त्याच्यावर तक्रार झाली, आणि आता लोकांना शांत करायला हवं असं सरकारला वाटलं.

३१ मार्च २००९ ला लाक्विलात तज्ज्ञांच्या समितीची बैठक बोलावली. देशातले नावाजलेले भूकंपशास्त्रज्ञ, इंजिनियर, आणि नागरी संरक्षण खात्याचे लोक. बैठक चालली जेमतेम तासभर. आत जे बोलणं झालं ते तसं बरोबरच होतं, म्हणजे १७०३ सारखा मोठा भूकंप लगेच येईल असं वाटत नाही, पण तो येणारच नाही असंही ठामपणे म्हणता येणार नाही. प्रॉब्लेम झाला तो बाहेर. खात्याचे उपप्रमुख बेर्नार्दो दे बेर्नार्दिनिस यांनी त्या बैठकीच्या आधीच टीव्हीला मुलाखत दिली होती, त्यात ते म्हणाले की शास्त्रज्ञांच्या मते धोका नाही, उलट परिस्थिती चांगली आहे कारण छोट्या धक्क्यांतून ऊर्जा सतत बाहेर पडतेय. मग पत्रकाराने विचारलं की म्हणजे निवांत एक ग्लास वाइन घ्यायला हरकत नाही, तर त्यांनी होकार दिला आणि कुठली वाइन घ्यायची त्याचं नावही सांगितलं.

५ एप्रिलच्या रात्री अकराच्या सुमारास ३.९ चा धक्का बसला. नेहमीची वेळ असती तर अर्धं शहर चौकात गेलं असतं. त्या रात्रीतून जिवंत राहिलेल्या लोकांनी पुढे कोर्टात जे सांगितलं ते वाचताना अंगावर काटा येतो. बायको म्हणतेय बाहेर जाऊया का, आणि नवरा म्हणतोय की अगं टीव्हीवर तज्ज्ञांनी सांगितलंय ना, छोटे धक्के म्हणजे चांगलंच, झोप आता. पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी ६.३ चा भूकंप आला. ३०९ माणसं गेली.

२०१२ मध्ये त्या बैठकीतल्या सात जणांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली आणि जगभर हेडलाइन झाली की भूकंप आधी सांगता आला नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंगवास. आपल्याकडेही तशीच बातमी फिरली. पण खटला त्याचा नव्हताच! भूकंप आधी सांगता येत नाही हे फिर्यादी पक्षालाही मान्य होतं. आरोप असा होता की धोक्याचा नीट विचार न करता लोकांना खोटा दिलासा दिला आणि त्या दिलाशामुळे लोकांनी आपली जुनी सवय मोडली. २०१४ मध्ये अपिलात सहाही शास्त्रज्ञ सुटले, दे बेर्नार्दिनिस यांची शिक्षा दोन वर्षांवर आली आणि २०१५ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल कायम ठेवला. शास्त्रज्ञांना तुरुंगात घालणं बरोबर होतं असं माझं अजिबात म्हणणं नाही, ते सुटले हे योग्यच झालं. पण त्या आठवड्यात लाक्विलात काय झालं ते नीट बघायला हवं. एक अफवा होती, ती थांबवायची होती, आणि ती थांबवायच्या घाईत दुसरी चुकीची गोष्ट सांगितली गेली, तीही सरकारी शिक्क्यानिशी. जुलियानीचं ऐकून लोक नुसतेच घाबरले असते. या दुसऱ्या गोष्टीमुळे लोक घरात झोपले.

आता ती दुसरी गोष्ट चुकीची का, ते समजून घेऊ, कारण ती आपल्याकडेही अगदी रोज बोलली जाते. कोयनेच्या भागात म्हणा, पालघरला म्हणा, मराठवाड्यात म्हणा, कुणीतरी म्हणतंच की छोटे धक्के बसतायत ते बरंय, जमिनीतला जोर कमी होतोय. ऐकायला पटतं. पण हिशोब करून बघा. रिश्टरचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट होते, दोनने वाढला की हजार पट. ४ च्या धक्क्याला एक रुपया धरला तर ६.३ चा भूकंप होतो जवळजवळ २,८०० रुपयांचा, आणि ३ चा धक्का तीन पैशांचा. म्हणजे मोठ्या भूकंपाची ऊर्जा छोट्या छोट्या धक्क्यांनी संपवायची तर ४ चे अडीच-तीन हजार धक्के लागतील. एवढे कुठे बसतात? शंभर-दोनशे छोट्या धक्क्यांनी फेडलं जातं ते चिल्लर, मूळ कर्ज तसंच राहतं.

मग उलट बाजूने, छोटे धक्के म्हणजे मोठा येणारच असं आहे का? तसंही नाही. जगभरच्या नोंदी बघितल्या तर एखाद्या धक्क्यानंतर काही दिवसांत तिथेच त्याहून मोठा धक्का येण्याची वेळ शंभरात साधारण पाच-सहा वेळा येते. उरलेल्या चौऱ्याण्णव-पंचाण्णव वेळा काही होत नाही, धक्के हळूहळू विरून जातात. पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, धुंदलवाडी या पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, लोकांनी थंडीत तंबूत रात्री काढल्या, आश्रमशाळेतल्या पोरांना बाहेर बसवून शिकवावं लागलं. अफवा किती उठल्या असतील विचार करा. पण अजूनपर्यंत तिथे विध्वंस होईल असा मोठा भूकंप झालेला नाही. किल्लारीला मात्र वेगळं घडलं. १९९२ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे धक्के जाणवत होते, त्यातला १८ ऑक्टोबरचा ४ च्या आसपासचा होता, मग सगळं शांत झालं, आणि ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते आपल्याला माहितीच आहे. म्हणजे धक्के सुरू असताना लाक्विला, पालघर आणि किल्लारी या तिन्ही ठिकाणी माहिती सारखीच होती, जमीन हलतेय, पुढचं माहीत नाही. निकाल तीन वेगवेगळे लागले.

हेच लोकांना सांगायला अवघड जातं. कारण "शंभरात पाच" हा आकडा कसाही वापरता येतो. समजा एखाद्या गावात एरवी मोठ्या भूकंपाची शक्यता दिवसाला लाखात एक आहे आणि धक्क्यांच्या मालिकेमुळे ती हजारात एक झाली. (आकडे समजायला घेतलेत.) चॅनेलवाला म्हणेल धोका शंभरपट वाढला! अधिकारी म्हणेल ९९.९ टक्के काही होणार नाही, घाबरू नका. दोघंही खरं बोलतायत, आणि दोघांचंही अर्धंच ऐकून माणूस चुकीचा निर्णय घेणार. पहिलं ऐकलेला माणूस घाबरून अर्ध्या रात्री पोराबाळांसकट रस्त्यावर, दुसरं ऐकलेला पडक्या भिंतीखाली निवांत. दोन्ही आकडे एकत्र सांगायला हवेत, आधी किती होता, आता किती झाला, आणि तेवढ्यासाठी काय करण्यासारखं आहे. याला वेळ लागतो, दोन वाक्यं जास्त लागतात, पण त्याला पर्याय नाही.

बरं, भूकंप आधी सांगता का येत नाही हेही लोक विचारतात आणि त्यांना ते विचारायचा पूर्ण हक्क आहे. चंद्रावर यान उतरवता, वादळ चार दिवस आधी सांगता, मग हे का नाही? वादळ दिसतं. उपग्रहातून त्याचा फोटो काढता येतो, वारा मोजता येतो. भूकंप जिथे सुरू होतो ती जागा जमिनीखाली पाच, दहा, पंधरा किलोमीटरवर, खडकाच्या आत असते, तिथला ताण किती झालाय हे मोजायचं साधनच नाही. आपल्याकडे कोयनेजवळ शास्त्रज्ञांनी मुद्दाम तीन किलोमीटर खोल भोक पाडून खडकाचा अभ्यास चालवलाय, कराडला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि तिथले बरेचसे भूकंप त्या भोकापेक्षाही खोल होतात. दुसरं म्हणजे छोटा भूकंप आणि मोठा भूकंप सुरू एकसारखेच होतात. खडक एका जागी सटकतो, मग कधी ते सटकणं शंभर मीटरवर थांबतं, कधी वीस किलोमीटर पसरत जातं, आणि ते कुठे थांबणार हे सुरुवातीला ओळखता येत नाही.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. चीनमध्ये १९७५ च्या फेब्रुवारीत हायचंग शहरात धक्के वाढले म्हणून लोकांना बाहेर काढलं आणि खरंच मोठा भूकंप आला, हजारो जीव वाचले. सगळ्यांना वाटलं जमलं! पुढच्याच वर्षी जुलैमध्ये तांगशानला काही इशारा न देता भूकंप आला आणि सरकारी आकड्यानुसारच दोन लाख चाळीस हजारांच्या वर माणसं गेली. कॅलिफोर्नियात पार्कफील्ड नावाचं छोटं गाव आहे, तिथे साधारण बावीस वर्षांनी भूकंप यायचा, म्हणून शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये जाहीर केलं की पुढचा १९९३ च्या आत येईल, सगळी यंत्रं लावून बसले, आणि तो आला २००४ मध्ये. जगातल्या सगळ्यात जास्त यंत्रं लावलेल्या जागी ही अवस्था.

आता यूट्यूबवरचे भविष्यवाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात ७.८ चा भूकंप झाला, त्याच्या तीन दिवस आधी फ्रँक हूगरबीट्स नावाच्या एका डच माणसाने ट्विट केलं होतं की या भागात ७.५ च्या आसपासचा भूकंप होईल. ते ट्विट आपल्याकडे तुफान फिरलं. पण त्या ट्विटमध्ये तारीख नव्हती, आज ना उद्या होईल असं लिहिलेलं होतं, आणि तो भाग भूकंपप्रवण आहे हे तिथल्या भूगर्भशास्त्रज्ञांनी कित्येक वर्षं सांगून ठेवलेलं आहे. हा माणूस ग्रहांच्या स्थितीवरून अंदाज बांधतो आणि सतत बांधतो. जगात दरवर्षी ६ च्या वरचे साधारण सव्वाशे-दीडशे भूकंप होतात, म्हणजे आठवड्याला दोन-तीन. "या आठवड्यात कुठेतरी मोठा भूकंप होईल" असं तुम्ही-आम्ही डोळे झाकून म्हटलं तरी ते जवळजवळ दर आठवड्याला खरं ठरेल! तेव्हा भाकीत समोर आलं की तीनच गोष्टी विचारायच्या, तारीख कुठली, जागा कुठली, किती रिश्टर. तिन्ही नेमक्या नसतील तर त्याला भाकीत म्हणायचं नाही. आणि चुकलेली भाकितं किती होती हे विचारायला विसरायचं नाही, कारण ती कुणी फॉरवर्ड करत नाही.

एक गोंधळ मात्र खरंच होण्यासारखा आहे. लोक म्हणतात की मोबाईलवर भूकंपाचा अलर्ट येतो म्हणे, मग आधी कळत नाही असं कसं? येतो, अँड्रॉइड फोनवर ही सोय भारतात २०२३ पासून आहे. पण तो अलर्ट भूकंप सुरू झाल्यानंतरचा असतो. भूकंपातून दोन प्रकारच्या लाटा निघतात, एक वेगाने जाणारी पण कमी हलवणारी, दुसरी मागून येणारी आणि घरं पाडणारी. पहिली लाट जवळच्या यंत्रांनी किंवा फोनांनी पकडली की दुसरी लाट पोचायच्या आत लांबच्या लोकांना निरोप जातो. मिळतात ते काही सेकंद. टेबलाखाली जायला, गॅस बंद करायला तेवढे पुरतात, पण जिथे भूकंपाचा उगम आहे त्या गावाला बहुतेक वेळा तेवढेही मिळत नाहीत.

आता मूळ मुद्द्यावर येतो. मी जेवढं वाचलंय आणि लोकांशी बोललोय त्यावरून माझं ठाम मत झालंय की धक्का बसल्यावर लोकांना भाकीत नको असतं. "मोठा येणार का" असं ते विचारतात, पण त्यांच्या मनातला प्रश्न असतो, आज रात्री मी पोरांना घेऊन कुठे झोपू? याचं उत्तर विज्ञानाकडे आहे! पण आपण पहिल्याच प्रश्नाशी अडकतो, "भूकंपाचं भाकीत करता येत नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका" असं पत्रक काढतो आणि दुसऱ्या प्रश्नाची जागा रिकामी सोडतो. त्या रिकाम्या जागेत अफवा येऊन बसते, कारण अफवेत निदान काहीतरी करायला सांगितलेलं असतं, रात्री १२ ते ३ बाहेर थांबा, सगळ्यांना कळवा. घाबरलेल्या माणसाला हाताला काम हवं असतं, आणि फॉरवर्ड करणं हे कामच आहे, आपल्या माणसांची काळजी घेतल्यासारखं वाटतं. म्हणून मेसेज पाठवणाऱ्या काकांना अडाणी म्हणून हसणाऱ्यांचा मला राग येतो. काका प्रेमापोटीच पाठवतायत.

मानसशास्त्रात १९९४ चा एक प्रयोग आहे, तो इथे फार उपयोगाचा आहे. लोकांना एका गोदामाच्या आगीची बातमी टप्प्याटप्प्याने वाचायला दिली. आधी सांगितलं की कपाटात ऑइल पेंट आणि गॅसचे सिलिंडर होते, नंतर सांगितलं की नाही नाही, ते कपाट रिकामं होतं. तरी शेवटी आग का लागली असं विचारलं तर बऱ्याच जणांच्या उत्तरात रंग आणि सिलिंडर येतच राहिले. पण जेव्हा त्यांना दुसरं कारण दिलं, आग कुणीतरी लावल्याच्या खुणा सापडल्या असं सांगितलं, तेव्हा ते सिलिंडर डोक्यातून निघाले. म्हणजे नुसतं "हे खोटं आहे" म्हणून भागत नाही, खोटं काढलं की तिथे खरं काहीतरी ठेवावं लागतं.

याचं आपल्याकडचं उदाहरण बघा. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यात पांगरा शिंदे नावाचं गाव आहे, त्या भागात कित्येक वर्षं जमिनीतून आवाज येतात, आणि पेपरात दर वेळी "गूढ आवाज" अशीच बातमी येते. आता गूढ म्हटलं की लोक आपापल्या परीने कारण शोधणारच, कुणी म्हणणार खाली ज्वालामुखी आहे, कुणी म्हणणार स्फोट करतायत, कुणी देवाचा कोप म्हणणार. खरं कारण सांगता येण्यासारखं आहे. जमिनीखाली फार खोल नसलेला अगदी छोटा भूकंप झाला की त्याची पहिली, वेगाने जाणारी लाट आपल्याकडच्या कडक काळ्या खडकातून जमिनीपर्यंत येते आणि तिथून हवेत शिरते, हवेत शिरलेली लाट म्हणजे आवाज. धक्का इतका छोटा असतो की हलल्याचं जाणवत नाही, पण कानाला धडाम ऐकू येतं. एवढंच दोन वाक्यांत ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लिहिलं तर निम्मी भीती जाईल. "गूढ आवाज" या हेडलाइनने ती दर वेळी नव्याने वाढते.

लोकांच्या म्हणण्यात तथ्य असतं तेव्हा तेही मान्य करावं. पालघरला लोक म्हणायचे की पावसाळा झाला की धक्के वाढतात, आणि अभ्यासकांनीही एक शक्यता अशीच मांडलीय की पावसाचं पाणी भेगांमधून खोल झिरपतं, तिथला दाब वाढवतं आणि खडक सटकायला मदत होते. कोयनेत तर धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध जगभर अभ्यासला जातो, १९६२ मध्ये पाणी साठायला लागलं आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला, हे पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आहे. म्हणजे "पाण्यामुळे होतंय" म्हणणाऱ्या गावकऱ्याला गप्प बसवलं असतं तर विज्ञानाचंच नुकसान झालं असतं. मात्र दोनशे-तीनशे फुटांच्या बोअरवेलमुळे भूकंप होतो हे तसं नाही, कुठे तीनशे फूट आणि कुठे काही किलोमीटर. हा फरक समजावून सांगावा लागतो, दोन्ही म्हणणी एकाच पेटीत टाकून "अफवा" असा शिक्का मारला की लोक पुढचं ऐकत नाहीत.

मग चांगलं सांगणं कसं असतं? २१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली, नांदेड, परभणीत लागोपाठ दोन धक्के बसले, पहिला ४.५ चा, दुसरा ३.६ चा. तेव्हा नांदेडच्या प्रशासनाने लोकांना जे सांगितलं त्यात एक ओळ अशी होती की ज्यांच्या घरावर टिनपत्रे आहेत आणि ते उडू नयेत म्हणून वर दगड ठेवलेत, त्यांनी ते दगड ताबडतोब काढून घ्यावेत. मला ही ओळ फार म्हणजे फार आवडते. मराठवाड्यात खेड्यापाड्यात पत्र्यावर दगड ठेवलेलं घर पावलोपावली दिसतं, आणि ४.५ च्या धक्क्याने घर पडणार नाही पण तो दगड खाली झोपलेल्या माणसाच्या डोक्यात पडू शकतो. या ओळीत भाकीत नाही, मोठा येणार की नाही याबद्दल एक अक्षर नाही, तरी माणसाला दहा मिनिटांत करता येईल असं काम आहे, आणि मोठा भूकंप आला किंवा नाही आला तरी ते काम वाया जात नाही.

असं सांगायचं तर घर बघावं लागतं. किल्लारीला माणसं एवढी का गेली? भूकंप ६.२ ते ६.४ च्या दरम्यानचा, जपानमध्ये एवढ्या भूकंपात इतकी माणसं जात नाहीत. आपली घरं माळवदाची होती, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर लाकडावर दोन-दोन फूट मातीचं छत, उन्हाळ्यात गार राहायला उत्तम, पण भिंत हलली की ते सगळं वजन थेट अंगावर. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. तो भाग तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता, तो नकाशा नंतर २००२ मध्ये बदलला आणि किल्लारीचा भाग वरच्या, तिसऱ्या पट्ट्यात घेतला. हेही लोकांना मोकळेपणाने सांगायला हवं की होय, आधी आमचा अंदाज वेगळा होता, नवी माहिती आली म्हणून बदलला.

आणि सरसकट सल्ला चालत नाही. माळवदाच्या घरात दाराजवळ असाल तर लगेच बाहेर पडणं बरोबर, पण फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर असाल तर हलणं थांबेपर्यंत टेबलाखाली डोकं झाकून बसणं बरोबर, जिन्यात पळणं धोक्याचं आणि लिफ्ट तर नाहीच. पालघरला १ फेब्रुवारी २०१९ ला घाबरून बाहेर पळताना पडून एक दोन वर्षांची मुलगी गेली. धक्का ४.१ चा होता, घर पडलेलं नव्हतं. त्या पोरीच्या घरच्यांना कुणी आधी येऊन शांतपणे, त्यांच्या घराकडे बघून, काय करायचं ते दाखवलं असतं तर, हा विचार मनातून जात नाही.

इटलीने लाक्विलानंतर एक काम चांगलं सुरू केलं. २०११ पासून तिथे स्वयंसेवकांना शिकवून त्यांच्या त्यांच्याच गावच्या चौकात उभं करतात, आणि ते येणाऱ्या-जाणाऱ्याशी घराबद्दल, धोक्याबद्दल बोलतात. भाषण नाही, समोरासमोर बोलणं. शेजारचाच माणूस असतो त्यामुळे लोक प्रश्नही मोकळेपणाने विचारतात. आपल्याकडे आशाताई आहेत, शाळेतले मास्तर आहेत, तलाठी, कोतवाल, पोलीस पाटील आहेत, गावाला ओळखणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्या हातात द्यायला मजकूर मात्र तयार नसतो.

समजा आज रात्री धक्का बसला आणि मावशीने फॅमिली ग्रुपवर तो १२ ते ३ वाला मेसेज टाकला. तर मी हे असं लिहीन:

"मावशी, काळजी वाटणं साहजिक आहे, मलाही वाटली. वेळ सांगून भूकंप कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे १२ ते ३ असं काही नाही, ३ नंतर निवांत असंही नाही. अशा धक्क्यानंतर बहुतेक वेळा मोठा येत नाही, पण शंभरात पाच-सहा वेळा येतो, म्हणून पुढचे काही दिवस एवढं करा. तुमची मागची खोली मातीच्या भिंतीची आहे ना, तिथे कुणी झोपू नका, अंगणात किंवा पुढच्या स्लॅबच्या खोलीत झोपा. पत्र्यावरचे दगड उजेडात काढून घ्या, रात्री वर चढू नका. पलंगावरच्या फळीवरचे डबे खाली ठेवा. उशाशी बॅटरी आणि चपला ठेवा. आजोबांना उठवून बाहेर कोण आणणार ते आत्ताच ठरवा. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या साइटवर धक्का किती रिश्टरचा होता ते दिसतं, ते बघून मी टाकतो."

हे एवढं टाइप करायला पाच मिनिटं लागतात आणि ते मावशीच्या घरासाठीच लिहिलेलं आहे, दुसऱ्याच्या घराला तसंच्या तसं लागू पडणार नाही. म्हणूनच जिल्ह्याच्या ठिकाणी बसून एक पत्रक सगळ्यांना पाठवून भागत नाही, गावातल्या कुणाला तरी गावातली घरं डोळ्यासमोर आणून ते लिहावं लागतं, धक्का बसायच्या आधी लिहून ठेवावं लागतं, आणि धक्का बसल्यावर पहिल्या अर्ध्या तासात पाठवावं लागतं, कारण नासाच्या नावाचा मेसेज तोपर्यंत निघालेला असतो.